कुरडईच्या चिकातून कँटनचे डिमसम

गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर आमच्या सासऱ्यांच्या हृदयात स्टेंट बसवावा लागला. अल्हम्दुलिल्लाह, सगळं वेळेवर झालं. रोजे नंतर कजा करा, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि निघताना आणखी एक वाक्य बोलून गेले, "तळलेलं बंद." आम्ही मान हलवली. त्या दोन शब्दांचा अर्थ आम्हाला पहिल्या इफ्तारला कळला.

इफ्तारचा दस्तरख्वान म्हणजे आमच्याकडे काय असतं? खजूर, टरबूज, शरबत एका बाजूला, आणि बाकी सगळी कढईची करामत. समोसे, कांदाभजी, मिरचीभजी, पालकाच्या पकोड्या, कटलेट. खान्देशात शेंगदाण्याचं तेल आणि तिखट या दोन गोष्टींचा हात कधी आखडता नसतो. अब्बांचा रोजा नव्हता, तरी ते रोज अजानच्या आधी टोपी घालून सगळ्यांसोबत बसायचे. त्यांच्यापुढे पपईच्या फोडी आणि दोन खजूर. सातव्या-आठव्या रोज्याला त्यांनी एक खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायलं आणि "मस्जिद में जगा नहीं मिलती" म्हणत उठून गेले. मस्जिद घरापासून दोनशे पावलांवर आहे आणि जागा कायम मिळते. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, हातातला समोसा परत ताटात ठेवून बसल्या.

त्याच आठवड्यात घरात दुसरा तंटा चालू होता. मुलगी नववीत आहे. ट्यूशनच्या कोपऱ्यावर मोमोजची गाडी लागते, आणि सुट्टीच्या दिवसांत मैत्रिणींबरोबर तिनं तिथं खाल्ल्याचं उघड झालं. "व्हेज खाया था," एवढंच तिचं म्हणणं. आम्ही एकदा गाडीजवळ उभं राहून पाहिलं. अॅल्युमिनियमच्या तीन मजली भांड्यात खाली चिकनचे, वर कोबीचे. वाफ एकच, आणि थेंबही एकाच झाकणाचे. चिकन कुठून आणतोस, असं विचारलं तर पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला, "मालक आणून देतो, मला नाही माहीत." त्याच्यावर राग धरण्यासारखं काही नव्हतं. पण नववीतल्या मुलीला नुसतं "नको" म्हणून चालत नाही, "नको" च्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, हे वीस वर्षं वर्गात उभं राहून आम्ही शिकलो आहोत.

एका बाजूला तळलेलं बंद झालेले आजोबा, दुसऱ्या बाजूला वाफवलेलं मागणारी नात. गणित खरं तर सोपं होतं, आम्हालाच उशिरा सुटलं.

मोमोज हे तिबेट-नेपाळकडचे. मैद्याची जाडसर पारी आणि आत सारण. मुलीनं मोबाईलवर दाखवलं ते मात्र वेगळं होतं. काचेसारखं आरपार दिसणारं कवच, आतला गुलाबी झिंगा बाहेरून दिसतोय, एका बाजूला बारीक चुण्या. त्याला 'हा गाउ' म्हणतात. दक्षिण चीनमधल्या कँटनचा, म्हणजे आजच्या ग्वांगझोउ शहराचा आणि हाँगकाँगचा हा पदार्थ. तिथं सकाळी चहाच्या दुकानात घरची सगळी माणसं जमतात, चहाची किटली फिरते, आणि बांबूच्या छोट्या टोपल्यांतून तीन-तीन, चार-चार नग येत राहतात. या बैठकीला 'यम चा' म्हणजे चहा पिणं म्हणतात, आणि सोबतच्या खाण्याला 'डिम सम'. शब्दाचा अर्थ साधारण 'मनाला स्पर्श करणारं' असा होतो. पोट भरण्यासाठी नसून चहाबरोबर तोंडात टाकायला असल्यामुळे नग लहान. कोणी कपात चहा ओतला की तिथले लोक तोंडानं आभार न मानता दोन बोटं टेबलावर हलकेच आपटतात, म्हणजे गप्पा तुटत नाहीत. ही रीत आमच्या घरात आता पक्की झाली आहे. मुलगा पाण्याच्या ग्लासालाही बोटं आपटतो.

मग पारदर्शक कवचाचा शोध सुरू झाला. ते मैद्याचं नसतं, गव्हाच्या स्टार्चचं असतं, इथपर्यंत कळलं. जळगावात फुले मार्केटपासून गोलाणीपर्यंत विचारून झालं. दुकानदार कॉर्नफ्लोअरचा पुडा पुढे करायचे. कॉर्नफ्लोअरला आपल्याकडे तोटा नाही. खान्देशात मका मुबलक पिकतो आणि मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना धुळे जिल्ह्यात दोंडाईच्यालाच आहे. पण मक्याचा स्टार्च वेगळा, गव्हाचा वेगळा. नुसत्या कॉर्नफ्लोअरवर पहिला प्रयोग केला. कणीक लाटताना तुकडे पडले, जे कसेबसे बंद झाले ते वाफेवर उलले, आणि सारण खालच्या पाण्यात उतरलं. त्या दिवशी इफ्तारला चिकनचं सूप होतं, असं म्हणू या.

उत्तर धुळ्यात मिळालं, तेही न मागता. शनिवारी माहेरी गेलो होतो. मार्चचं ऊन, आणि मागच्या गल्लीत गच्चीवर प्लास्टिकचे कागद अंथरून कुरडया घालणं चाललेलं. शेजारच्या आजी, ज्यांना आम्ही लहानपणापासून माय म्हणतो, त्यांनी वरूनच हाक मारली, "काय करी राह्यनी वं माय?" वर गेलो. पातेल्यात पांढराशुभ्र, दह्यासारखा दिसणारा चीक निवळत ठेवलेला. वरचं पिवळसर पाणी त्यांनी आमच्यासमोर ओतून दिलं, आणि तळाशी जे उरलं त्यात बोट घातलं तर ते दगडासारखं घट्ट, बोट थांबवलं की पुन्हा पातळ. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, कापडातून पिळायचे, कोंडा आणि चिकट भाग वर राहतो, पांढरं दूध खाली उतरतं. हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. पण तोपर्यंत डोक्यात आलंच नव्हतं की गव्हाचा स्टार्च म्हणून जे आम्ही जळगावभर शोधत होतो, ते हेच.

घरी येऊन आमच्या आईला सांगितलं, तर ती हसायलाच लागली. "अरे ये तो निशास्ता है." बाळंतिणीला जो निशास्त्याचा हलवा करतात, तूप, बदाम, डिंक घालून, तोच हा निशास्ता. आमच्या दोन्ही बाळंतपणांत आम्ही तो पाव-पाव वाटी खाल्ला आहे. आईच्या फडताळात बरणीत तो वाळवून ठेवलेलाही होता. कँटनच्या आचाऱ्यांची वस्तू धुळ्यातल्या मौलवीगंजच्या फडताळात, लवंग-दालचिनीच्या शेजारी.

शेजारणीच्या घरी कुरडई, आमच्या घरी निशास्ता, तिकडे हा गाउ. मूळ एकच. फरक एवढाच की कुरडईसाठी चीक ओलाच शिजवतात आणि सोऱ्यातून पाडतात, निशास्ता वाळवून ठेवतात, आणि हा गाउसाठी वाळलेल्या पिठावर उकळतं पाणी ओततात. यातलं शास्त्र शाळेतल्या पोरांना सांगावं इतकं सोपं आहे. गव्हात स्टार्च असतो आणि ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. पोळी लवचिक होते ती ग्लुटेनमुळे, आणि अपारदर्शक राहते तीही बऱ्याच अंशी त्याच्यामुळेच. पिळून-गाळून ग्लुटेन काढून टाकलं की उरतो नुसता स्टार्च. तो गार पाण्यात मळला जात नाही, हातातून वाहतो. पण साठ अंशांच्या आसपास तापमान गेलं की त्याचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना धरतात आणि शिजल्यावर आरपार दिसू लागतात. म्हणून पाणी कढतच हवं. मोदकासाठी तांदळाच्या पिठाची उकड काढणाऱ्या शेजारणींना हे कोणी सांगायला नको.

आता कृती. ज्यांना चीक घरी काढायचा आहे त्यांनी किलोभर लोकवन गहू स्वच्छ धुऊन तीन दिवस भिजवावेत. रोज सकाळी पाणी बदलायचं. उन्हाळा असेल तर दोनदा. चौथ्या दिवशी भरपूर पाणी घालून मिक्सरवर वाटायचे आणि मलमलच्या कापडातून गाळायचे. चोथा पुन्हा दोनदा पाण्यात कुस्करून पिळायचा, कारण बराचसा चीक तिथंच अडकलेला असतो. गाळलेलं दूध रात्रभर हलवायचं नाही. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. कुरडईला थोडा आंबूसपणा चालतो, किंबहुना लोकांना तो आवडतो, पण डिमसमला चालत नाही. म्हणून तळाच्या चिकावर पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळायचं, चार-पाच तास निवळू द्यायचं, पाणी काढायचं. असं दोनदा. मग ताटात पातळ पसरून वरून मलमल बांधून दोन दिवस कडक उन्हात वाळवायचं आणि बारीक करून चाळायचं. किलोभर गव्हाचा आमच्या हाती तीन-सव्वातीनशे ग्रॅम निशास्ता आला. माय म्हणतात हात चांगला असेल तर जास्त निघतो. आमचा हात शिक्षकाचा आहे. एवढा खटाटोप नको असेल तर काष्ठौषधीच्या दुकानात तयार निशास्ता मिळतो. तो गव्हाचाच आहे ना, एवढं विचारून घ्यावं.

कवचासाठी एक वाटी निशास्ता, अर्धी वाटी दुसरा एखादा स्टार्च, पाव चमचा मीठ. कँटनमध्ये हा दुसरा स्टार्च बहुधा टॅपिओकाचा असतो, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याच कंदाचा. आम्ही साबुदाणा दळून घातला तेव्हा कवच फार चिकट झालं, कारण साबुदाणा तयार होतानाच अर्धामुर्धा शिजलेला असतो. कॉर्नफ्लोअरनं काम जास्त नीट झालं. दोन्ही पिठं एकत्र चाळून परातीत न घेता खोल भांड्यात घ्यायची, म्हणजे उष्णता टिकते. सव्वा वाटी पाणी अगदी खळखळ उकळत असताना एकदम ओतायचं आणि लाकडी पळीनं जोरात ढवळायचं. "गरम" पाणी नाही, उकळतं. आमचा दुसरा प्रयोग इथंच फसला. पाणी उतरवून ठेवलं, तेवढ्यात दारावर कोणी आलं, आणि मिनिटाभरात ते पिठाला पकडेनासं झालं. पाणी ओतल्यावर झाकून पाच मिनिटं ठेवायचं, मग एक मोठा चमचा तेल घालून मळायचं. मूळ कृतीत इथं डुकराची चरबी असते. आपण शेंगदाण्याचं तेल घालायचं, आणि त्यात मन मारल्यासारखं काही नाही, कारण कँटनच्या स्वयंपाकातलं रोजचं तेलही परंपरेनं शेंगदाण्याचंच. धुळे-जळगावच्या माणसाला यापेक्षा जवळचा धागा काय हवा?

मळलेला गोळा गुळगुळीत, पांढरा, मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखा लागतो. तो सतत ओल्या फडक्याखाली ठेवायचा. सुपारीपेक्षा थोडी मोठी गोळी घेऊन तेल लावलेल्या प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवायची आणि सपाट तळाच्या वाटीनं दाबायची. तिथले आचारी बोथट सुऱ्याच्या पात्यानं एका फटक्यात पसरवतात. आम्ही वाटीवर समाधानी आहोत. पारी साधारण तीन इंचांची. सारण चमचाभरच. एका बाजूला चुण्या घालत दुसऱ्या सपाट बाजूला चिकटवायच्या. करंजीची मुरड येणाऱ्याला हे पंधरा मिनिटांत येतं. चांगल्या हा गाउला निदान सात चुण्या असाव्यात, दहाच्या पुढे गेल्या तर उत्तम, असं जाणकार मानतात. आमच्या मुलीच्या नऊ होतात, आमच्या पाच.

सारणाकडे वळण्याआधी थोडं थांबावं लागेल, कारण मुस्लिम घरात या पदार्थाचा खरा प्रश्न इथं आहे. कँटनच्या बहुतेक डिमसममध्ये डुकराचं मांस किंवा चरबी असते. हा गाउत झिंगा असला तरी त्याला रसाळपणा यावा म्हणून चरबीचे बारीक तुकडे घालतात. 'सिउ माय' नावाचा उघड्या तोंडाचा प्रकार असतो, त्यात तर डुकराचं मांस आणि झिंगा दोन्ही. शिवाय मांस मुरवताना तांदळाची दारू घालायची पद्धत आहे. "शिजताना उडून जाते" असं कोणी सांगितलं तरी ऐकू नये. पूर्ण उडत नाही, आणि उडाली असती तरी आपल्याला ती घरात आणायचीच नाही. तिच्याऐवजी दोन चमचे चिकनचं पाणी आणि किंचित साखर. सोया सॉसबद्दल विचारणा होते. पारंपरिक रीतीनं आंबवलेल्या सोया सॉसमध्ये थोडा अल्कोहोल आपोआप तयार होतो, त्याबाबत आपापल्या आलिमांना विचारून घ्यावं. बाटलीवरची घटकांची यादी आणि हलालची खूण पाहून घेणं तर आपल्या हातात आहेच.

राहिला झिंगा. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल, आणि झिंगा मासा आहे की नाही यावर उलेमांमध्ये जुना मतभेद आहे. शाफई मसलकात ही अडचण नाही, म्हणून कोकणातल्या मुस्लिम घरांत कोळंबी बिनदिक्कत शिजते. आम्ही खान्देशातले हनफी, त्यात जळगावपासून समुद्र लांब. आम्ही वाद न घालता कोंबडी घेतली.

आणि हेही सांगायला हवं की डिमसम आणि हलाल हे शब्द आम्ही पहिल्यांदा एकत्र आणले, असं मुळीच नाही. कँटनला अरब व्यापारी 'खान्फू' म्हणायचे. बाराशे वर्षांपूर्वी तिथं त्यांची वस्ती होती. इब्ने बतूताच्या सफरनाम्यातही चौदाव्या शतकातलं हे शहर येतं. तिथल्या हुआइशेंग मस्जिदचा उंच गोल मिनार आजही उभा आहे. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याशी तिचा संबंध जोडणारी रिवायत तिथले मुसलमान सांगतात, इतिहासकार ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत, पण मस्जिद फार जुनी आहे यात वाद नाही. हाँगकाँगमध्ये वान चाय भागात अम्मार मस्जिदच्या इमारतीत एक कँटीन आहे. तिथं हलाल डिमसम मिळतात, बांबूच्या टोपलीत, चहाबरोबर. आमच्या ओळखीतले एक व्यापारी मालाच्या खरेदीसाठी तिकडे जाऊन आले आहेत. ते सांगतात की आठवडाभर फळं आणि बिस्किटांवर काढल्यावर जुम्याच्या नमाजनंतर तिथं पहिला घास घेतला, तेव्हा त्यांना चव कळलीच नाही, आधी पोट भरलं.

सारणासाठी पाव किलो चिकन, तेही छातीचं नको, मांडीचं. छातीचं वाफेवर कोरडं पडतं. खिमा फार बारीक करू नये, सुरीनं कापलेला सगळ्यात चांगला. त्यात अर्धा लहान चमचा मीठ, एक लहान चमचा सोया सॉस, अर्धा चमचा साखर, किसलेलं आलं, पांढऱ्या मिरीची पूड, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, एक चमचा तिळाचं तेल, दोन चमचे गार पाणी. आणि आता खरी मेहनत. हे सगळं एकाच दिशेनं पाच मिनिटं ढवळायचं. मीठ आणि घुसळणं यांनी मांसातलं प्रथिन सुटं होऊन चिकट होतं आणि पाणी धरून ठेवतं. चरबी न घालता रसाळपणा येतो तो यामुळे. मग बारीक चिरलेली कांद्याची पात. हिवाळ्यात कच्चा शिंगाडा बारीक तुकडे करून घालावा. तिकडे एक पाण्यातला कंद घालतात, तो आपल्या शिंगाड्याच्या कुळातला नाही, पण दाताखाली कुरकुरण्याचं काम तेच. इतर वेळी गाजर. सारण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावं, भरायला सोपं जातं. लसूण, गरम मसाला, काळं तिखट यांचा मोह होईल. एकदा तरी आवरावा.

वाफवायला बांबूची टोपली असेल तर छान, कारण बांबू वाफेचं पाणी पितो आणि ते थेंब बनून पदार्थावर पडत नाही. आमच्याकडे टोपली नव्हती. पातेलं, त्यावर चाळणी, वर झाकण, आणि झाकणाला आतून सुती फडकं बांधलेलं, म्हणजे थेंब फडक्यात जिरतात. फुणके आपण असेच तर वाफवतो. चाळणीला खाली काय लावायचं, हा प्रश्न जळगावकराला पडायचं कारण नाही. तिकडे कोबीचं पान किंवा कागद घालतात. आपल्याकडे केळीचं पान. रावेर-यावलच्या केळीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पान विस्तवावरून फिरवून मऊ करायचं, तेलाचं बोट लावायचं आणि चार ठिकाणी भोकं पाडायची. नगांमध्ये बोटभर अंतर ठेवायचं. कवच फुगतं आणि शेजाऱ्याला चिकटतं.

पाणी खळखळायला लागल्यावरच चाळणी ठेवायची. मंद वाफेत कवच ओलं होऊन खचतं. कच्च्या चिकनला मोठ्या आचेवर नऊ-दहा मिनिटं लागतात. झिंग्याला पाच-सहा पुरतात, पण चिकनबाबत घाई नको. एक नग फोडून पाहावा, आत गुलाबी रंग दिसता कामा नये. झाकण उघडताना ते आपल्या बाजूनं न उचलता पलीकडच्या बाजूनं तिरपं करावं. वाफेचा चटका तेलाच्या चटक्याइतकाच वाईट असतो, आमच्या डाव्या मनगटाला विचारा. उघडल्यावर कवच पांढुरकं दिसलं तर निराश होऊ नये. दोन मिनिटं वारा लागला की ते आरपार होऊ लागतं.

बाविसाव्या रोज्याला ते पहिल्यांदा नीट जमले. वीस नग. त्यातले सहा उललेले, ते बाजूला ठेवले. अजानला दहा मिनिटं होती. मुलीनं एक ताट अब्बांपुढे ठेवलं, केळीच्या पानासकट, आणि काहीच बोलली नाही. अम्मींनी आधी वाकून पाहिलं, बोटानं दाबलं. त्यांनी आयुष्यभर तूरडाळ भरडून फुणके वळले आहेत, कढीबरोबर. त्या म्हणाल्या, "अरे, ये तो अपने फुणके के भाई हैं. बाहर गाँव जा के गोरे हो गए." अजान झाली. अब्बांनी खजूर घेतला, पाणी घेतलं, एक नग उचलून निरखला. आतली कांद्याची पात हिरवी दिसत होती. त्यांनी तो अख्खा तोंडात टाकला, मग दुसरा. तिसऱ्याला म्हणाले, "नमक कम है." त्या दिवशी ते सगळ्यांबरोबर मगरिबला निघाले.

नमक कम होतं हे खरं, आणि ते कमीच राहणार आहे. वाफवलेलं म्हणजे तब्येतीला चालेल तेवढं खा, असं नाही. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. वाटीत सोया सॉस घेऊन त्यात बुडवून खाल्लं, तर तळण सोडल्याचा फायदा मिठात बुडाला. आम्ही बुडवायला सिरका, आल्याचे कातरे आणि भिजवून वाटलेली नंदुरबारची लाल मिरची देतो. दुसरं, निशास्ता म्हणजे निव्वळ स्टार्च. त्यात ना तंतू, ना प्रथिन. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी चार नगांवर थांबावं आणि त्या वेळची पोळी-भात त्या हिशेबानं कमी करावी. अम्मींना साखर आहे. त्यांच्यासाठी आम्ही सारणाचेच छोटे गोळे कोबीच्या पानात गुंडाळून वाफवतो. कबूल करतो, त्यांना ते मुळीच आवडत नाहीत, आणि आमची पाठ वळली की नातीच्या ताटातला एक हा गाउ गायब होतो.

ज्यांना चिकाचा खटाटोप जमणार नाही त्यांनी सिउ मायपासून सुरुवात करावी. दोन वाट्या मैदा, चिमूटभर मीठ, साधारण अर्धी ते पाऊण वाटी गरम पाणी. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचा. कॉर्नफ्लोअर भुरभुरून होता होईल तितकं पातळ लाटायचं, स्टीलच्या पेल्यानं गोल कापायचे. पारी मुठीच्या खोबणीत ठेवून सारण भरायचं आणि मूठ हलकेच आवळायची. तोंड उघडंच राहतं. वर गाजराचा कीस. उलण्याची भीती नाही, चुण्या मोजायची गरज नाही. पाहुणे येणार असतील तर आम्ही हेच करतो. कच्चे नग ताटात सुटे-सुटे गोठवून डब्यात भरले तर दोन-तीन आठवडे राहतात आणि गोठलेलेच वाफेवर ठेवायचे, दोन-तीन मिनिटं जास्त. हा गाउ मात्र गोठवल्यावर कवच तडकतं. ते त्याच दिवशी करावेत आणि गरम असतानाच संपवावेत.

मोमोजच्या गाडीवर मुलगी आता जातच नाही, असा दावा आम्ही करणार नाही. पण ईदच्या दुसऱ्या दिवशी तिच्या चार मैत्रिणी घरी आल्या होत्या, त्यातल्या दोघी आमच्या गल्लीतल्या हिंदू घरांतल्या. स्वयंपाकघरात पाचजणी पोळपाटाभोवती बसल्या. एकीला मोदकाच्या कळ्या येत होत्या, तिच्या पहिल्याच नगाला अकरा चुण्या पडल्या. मुलीनं नंतर तिच्याकडून शिकून घेतलं.

चिकाचा चोथा टाकू नये, गुराढोरांना घालता येतो. आणि उरलेला चीक फार दिवस ओला ठेवू नये, आंबतो. आमचा अर्धा किलो उरला होता. अम्मींनी धुळ्याच्या मायना फोनवर मीठ-हिंगाचं प्रमाण विचारलं, शिजवला, आणि मेहरूणमधल्या आमच्या गच्चीवर पहिल्यांदा कुरडया वाळत पडल्या. त्या सहसा तळूनच खातात, हे अब्बांना माहीत आहे. ते संध्याकाळी वर जाऊन नुसत्या मोजून येतात.